‘ऑर्थोगोनल’ म्हणजे नेमकं काय? गुण्यापासून फोर-जीपर्यंत

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांच्या मीटिंगमध्ये हल्ली एक वाक्य सर्रास कानावर पडतं : “तो मुद्दा याला ऑर्थोगोनल आहे.” बरेच जण मान डोलावतात. कुणाला वाटतं याचा अर्थ ‘उलट’, कुणाला वाटतं ‘अवांतर’. इंजिनिअरिंगच्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना हाच शब्द व्हेक्टरच्या धड्यात एका व्याख्येसह भेटतो, सिग्नलच्या पेपरात दुसऱ्या आणि स्टॅटिस्टिक्समध्ये तिसऱ्या. तिन्ही पाठ होतात, मार्क मिळतात, पण तिन्ही व्याख्या मुळात एकच आहेत हे कळायचं राहून जातं. माझ्या मते गणितातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी ही एक आहे, आणि ती समजायला शाळेतल्या भूमितीपेक्षा फारसं जास्त काही लागत नाही.

शब्दाचा अर्थ साधा आहे : काटकोनात असलेला. ग्रीकमध्ये ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ‘गोनिया’ म्हणजे कोन. मग मोबाइलच्या लहरींना, संख्याशास्त्रातल्या अंदाजांना आणि मीटिंगमधल्या मुद्द्यांना काटकोनाशी काय करायचंय? त्यासाठी काटकोन नेमकं काय काम करतो ते आधी पाहावं लागेल, आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं बांधकामाच्या साइटवर.

रिकाम्या प्लॉटवर लाइनआउट टाकताना मिस्त्री एका कोपऱ्यात खुंटी ठोकतो आणि तिथून दोन बाजूंना सूत ताणतो. एका सुतावर ३ फुटांवर खूण, दुसऱ्यावर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर टेपने मोजायचं. बरोबर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात आहे. जास्त आलं तर कोन उघडलाय, कमी आलं तर मिटलाय. कंपासपेटीतला तो प्लॅस्टिकचा त्रिकोणी गुण्या आणि गवंड्याच्या हातातला लोखंडी गुण्या यांचं काम एकच, पण खोलीएवढ्या अंतरावर हातातला गुण्या पुरत नाही. तिथे सूत आणि टेपच लागते.

जुना मिस्त्री ३-४-५ वर थांबत नाही. जागा असेल तर तो १२-१६-२० घेतो. यामागे पक्का हिशोब आहे. ३-४-५ मध्ये तिरकं माप पाव इंच चुकलं तर कोन जवळपास अर्ध्या अंशाने बिघडतो, आणि २० फूट लांबीच्या भिंतीच्या टोकाला ती चूक दोन इंचांची झालेली असते. तीच पाव इंचाची चूक १२-१६-२० मध्ये झाली तर भिंतीच्या टोकाला फरक पडतो फक्त अर्धा इंच. हे दोन इंच भिंत बांधताना कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. येतात ते लाद्या बसवताना. एका कडेला पूर्ण लादी आणि दुसऱ्या कडेला निमुळती होत गेलेली पाचर. तोवर प्लॅस्टरही झालेलं असतं.

दोरीने काटकोन काढायची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे पायथागोरसच्या नावावर असलेलं प्रमेय ज्या भारतीय ग्रंथात सर्वसाधारण रूपात मांडलेलं सापडतं त्या ग्रंथात, आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो असं सांगितलं आहे. पाठोपाठ बाजूंच्या जोड्याही दिल्या आहेत : ३ आणि ४, १२ आणि ५, १५ आणि ८, ७ आणि २४, १२ आणि ३५, १५ आणि ३६. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी बांधणाऱ्यांना जमिनीवर बिनचूक कोपरा हवा होता, आणि आजच्या मिस्त्रीलाही तोच हवा असतो.

पण काटकोनच का? ८० अंशांच्या कोपऱ्याने काय बिघडतं? पाचर पडते हे दिसलंच, पण खरं कारण त्याहून खोल आहे.

पुण्याच्या पेठांचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता साधारण उत्तर-दक्षिण जातात, शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे. लक्ष्मी रस्ता त्यांना आडवा छेदत पूर्व-पश्चिम जातो. लक्ष्मी रस्त्याने अलका टॉकीजच्या दिशेने कितीही चालत राहिलात, तरी तुम्ही किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहात यात जवळजवळ काही बदल होत नाही. (जवळजवळ, कारण पेठांमधले रस्ते पट्टीने आखलेले नाहीत.) उलट बाजीराव रस्त्याने गेलात तर पूर्व-पश्चिमेचा हिशोब जागच्या जागी राहतो. आता टिळक रस्त्यावर या. अलकाच्या चौकातून स्वारगेटकडे जाणारा हा रस्ता तिरका आहे. त्यावर टाकलेलं प्रत्येक पाऊल तुम्हाला थोडं पूर्वेला नेतं आणि थोडं दक्षिणेलाही. एक हिशोब बदलला की दुसरा आपोआप बदलतो.

काटकोनाचं काम हे आहे : एका दिशेतली हालचाल दुसऱ्या दिशेच्या हिशोबात अजिबात शिरत नाही. एका दिशेची दुसरीवर सावली पडते अशी कल्पना केली, तर काटकोनात ती सावली शून्य लांबीची असते. कोन ८० अंशांचा असता तर १० फूट चालल्यावर दुसऱ्या दिशेवर पावणेदोन फुटांची सावली पडली असती. ४५ अंशांवर ती सात फुटांची होते. फक्त ९० अंशांवर ती पूर्ण नाहीशी होते. गणितज्ञांनी ही सावली उचलली आणि कोन मागे सोडून दिला. इथून पुढची सगळी गंमत त्यातून आली.

सावली आकड्यांत कशी मोजायची? समजा एक बाण पूर्वेला ३ आणि उत्तरेला ४ असा आहे. दुसरा बाण पूर्वेला −४ (म्हणजे पश्चिमेला ४) आणि उत्तरेला ३. जोडीने गुणाकार करा आणि बेरीज घ्या : ३ × −४ म्हणजे −१२, ४ × ३ म्हणजे १२. बेरीज शून्य. कागदावर हे दोन बाण काढून गुण्या लावून पाहा, बरोबर काटकोन निघेल. ही बेरीज, जिला कॉलेजात डॉट प्रॉडक्ट म्हणतात, शून्य आली की बाण काटकोनात असतात, नाहीतर नसतात. (३, ४) आणि (४, ३) घेतले तर बेरीज येते २४, आणि ते बाण खरंच काटकोनापासून लांब, एकाच अंगाला झुकलेले असतात.

इथेच ‘उलट’ आणि ‘ऑर्थोगोनल’ यांच्यातला घोळ मिटतो. (३, ४) च्या बरोबर उलट बाण म्हणजे (−३, −४). त्यांची बेरीज येते −२५, म्हणजे शून्यापासून जेवढी दूर जाता येईल तेवढी दूर. उलट असलेल्या गोष्टींचा एकमेकींशी संबंध फार घट्ट असतो. एक कळली की दुसरी कळलीच. जो माणूस नेहमी खोटंच बोलतो, त्याच्याकडूनही सगळी माहिती मिळते, फक्त चिन्ह बदलून घ्यायचं. ऑर्थोगोनल गोष्टीकडून मात्र या मोजमापात काहीच कळत नाही.

बाणांना दोनच आकडे असायला हवेत असं कुठे आहे? चार घ्या, चौसष्ट घ्या. चार आकड्यांचा बाण कागदावर काढता येत नाही, पण गुणाकार आणि बेरीज तर करता येते. शून्य आली की ऑर्थोगोनल म्हणायचं. हे ऐकायला पोकळ वाटतं, पण २००३ च्या सुमारास रिलायन्सचे आणि टाटा इंडिकॉमचे जे सीडीएमए फोन घरोघरी आले, ते याच पोकळ वाटणाऱ्या कल्पनेवर चालायचे. ते कसं, हे कागदावर करून पाहण्यासारखं आहे.

एका टॉवरला दोन फोनशी एकाच वेळी, एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलायचं आहे. पहिल्या फोनचा कोड (१, १, −१, −१). दुसऱ्याचा (१, −१, १, −१). गुणाकारांची बेरीज : १ − १ − १ + १, म्हणजे शून्य. कोड ऑर्थोगोनल आहेत. पहिल्या फोनला ‘हो’ सांगायचंय, म्हणून त्याचा कोड आहे तसा पाठवायचा. दुसऱ्याला ‘नाही’ सांगायचंय, म्हणून त्याचा कोड चिन्हं बदलून : (−१, १, −१, १). हवेत दोन्ही मिसळतात आणि उरतं (०, २, −२, ०). या आकड्यांकडे नुसतं बघून कुणाला काय सांगितलं ते कळणं शक्य नाही. आता पहिला फोन आपला कोड लावतो : ० + २ + २ + ०, म्हणजे ४. चाराने भागलं, +१. ‘हो’. दुसरा फोन आपला कोड लावतो : ० − २ − २ + ०, म्हणजे −४. भागून −१. ‘नाही’. दोघांनाही आपापला निरोप अख्खा मिळाला. दुसऱ्याच्या बोलण्याचा थोडासा आवाज मागे उरला असंही नाही. त्याचा हिस्सा बेरजेत पुरता शून्य झाला, कारण कोड काटकोनात होते. त्या फोनमध्ये प्रत्यक्षात टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलसाठी ६४ आकड्यांचे ६४ कोड असायचे, आणि ते सगळे एकमेकांशी ऑर्थोगोनल.

पुढची पायरी म्हणजे आकड्यांच्या जागी लहरी. लहर म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारा आकडा, त्यामुळे दोन लहरींचाही क्षणाक्षणाचा गुणाकार करून बेरीज घेता येते. ठरलेल्या वेळात एक लहर १० पूर्ण आवर्तनं करत असेल आणि दुसरी ११, तर गुणाकाराचा वर गेलेला भाग खाली गेलेल्या भागाशी अगदी तंतोतंत फिटतो आणि बेरीज शून्य येते. फोर-जीमध्ये वापरल्या जाणाऱ्या ओएफडीएम या पद्धतीतला पहिला ‘ओ’ म्हणजे ऑर्थोगोनलच. तिथे शेजारच्या दोन लहरींमध्ये १५ हजार हर्ट्झचं अंतर असतं आणि एका चिन्हाचा, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या निरोपाच्या तुकड्याचा, काळ असतो सेकंदाचा पंधरा हजारावा भाग, सुमारे ६६.७ मायक्रोसेकंद. तेवढ्या काळात शेजारच्या लहरींमध्ये बरोबर एका आवर्तनाचा फरक पडतो. दोघींचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात, तरी एकीचं बोलणं दुसरीत मिसळत नाही. पूर्वी दोन वाहिन्यांमध्ये मोकळी जागा सोडावी लागायची, ती इथे वाचते. आपल्या मोबाइलचा वेग काही अंशी त्या वाचलेल्या जागेतून येतो.

हा काटकोनही ढळू शकतो. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर तासाला १०० किलोमीटरने टॉवरच्या दिशेने जाताना १८०० मेगाहर्ट्झची लहर फोनला सुमारे १६७ हर्ट्झने चढी भासते. १५ हजाराच्या तुलनेत हे एक टक्क्याच्या आसपास, म्हणून फोन निभावून नेतो. वेग खूप वाढला तर मात्र शेजारच्या लहरींचा आवाज एकमेकींत झिरपू लागतो. पाव इंचाच्या चुकीने भिंत तिरकी होते तसाच हा हिशोब आहे, फक्त भिंतीच्या जागी लहर.

प्रकाशाच्या बाबतीत काटकोन पुन्हा डोळ्यांना दिसतो. पोलरॉइड गॉगल लावून लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनकडे बघा आणि मान हळूहळू वाकवा. एका कोनात स्क्रीन काळाठिक्कर होतो. स्क्रीनमधून निघणारा प्रकाश एकाच दिशेत डोलत असतो, आणि गॉगलची काच एकाच दिशेतलं डोलणं आत सोडते. दोन दिशा काटकोनात आल्या की सावली शून्य, अंधार. गच्चीवरची डिश याचा रोज फायदा घेते. उपग्रह एकाच फ्रीक्वेन्सीवर एक उभी आणि एक आडवी लहर पाठवतो, आणि घरातला सेट-टॉप बॉक्स डिशला १३ व्होल्ट देतो की १८, यावरून कोणती घ्यायची ते ठरतं. एकाच वाटेवरून दुप्पट चॅनल.

एक प्रयोग जमल्यास नक्की करा, कारण तो पहिल्यांदा पाहताना डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पोलरॉइडच्या दोन काचा एकमेकींवर काटकोनात धरा. पलीकडचं काही दिसत नाही. आता त्या दोघींच्या मध्ये तिसरी काच ४५ अंशांत सरकवा. प्रकाश अडवणारी आणखी एक काच मध्ये आली, आणि उजेड दिसू लागला! कारण टिळक रस्त्यासारखंच आहे. ४५ अंशांची दिशा दोन्ही दिशांवर सावली टाकते. पहिल्या काचेतून आलेल्या प्रकाशापैकी निम्मा मधल्या काचेतून जातो, आणि त्यातला निम्मा तिसरीतून. म्हणजे आदर्श काचा असतील तर एक चतुर्थांश. फ्रेंच संशोधक मालुस याने १८०९ च्या सुमारास मांडलेला हा नियम आहे. यातून ध्यानात ठेवायचं ते हे, की दोन गोष्टी काटकोनात असल्या तरी मध्ये तिरकी गोष्ट आली की तिच्यामार्फत एकीचा परिणाम दुसरीपर्यंत पोहोचू शकतो.

पुण्यापासून उत्तरेला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिथला प्रत्येक अँटेना आकाशातून आलेल्या लहरीचे दोन ऑर्थोगोनल घटक वेगवेगळे टिपतो. हे घटक उभे-आडवेच असायला हवेत असंही नाही. एक उजवीकडे फिरणारी आणि एक डावीकडे फिरणारी लहर याही आपसांत ऑर्थोगोनल असतात. तिथे गुण्या लावायला जागाच नाही, पण गुणाकाराची बेरीज शून्य येते. दोन्ही घटकांची तुलना करून ती लहर जिथून निघाली आणि जिथून प्रवास करत आली तिथल्या चुंबकीय क्षेत्राबद्दल खगोलशास्त्रज्ञांना अंदाज बांधता येतो. दोन घटक एकमेकांत मिसळले असते तर हे जमलं नसतं.

संख्याशास्त्रात या कल्पनेशी पुण्याचं नातं फार जवळचं आहे. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा करणारे प्रा. वसंत शंकर हुजूरबाजार हे मूळचे कोल्हापूरचे, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीजचे विद्यार्थी. ऑर्थोगोनल पॅरामीटर्सवरचा त्यांचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न असा असतो. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरणारं एक मशीन आहे. आपल्याला दोन गोष्टी माहीत नाहीत : ते सरासरी किती दूध भरतं, आणि पिशवीपिशवीत किती फरक पडतो. काही पिशव्या मोजून दोन्हींचा अंदाज करायचा. आकडे नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत असतील, तर या दोन अंदाजांमधल्या चुका एकमेकींत गुंतत नाहीत. हे दोन पॅरामीटर ऑर्थोगोनल आहेत. इतर अनेक वक्रांत तसं नसतं, एक अंदाज हलला की दुसरा ओढला जातो. मग मोजायच्या राशी अशा बदलून घ्यायच्या की त्या ऑर्थोगोनल होतील. हुजूरबाजारांनी त्यावर काम केलं. आपल्याच शहरात ज्यांनी पिढ्या घडवल्या त्यांचं हे काम इंजिनिअरिंगच्या मुलांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

इथे एक सावधगिरी. ऑर्थोगोनल म्हणजे ‘काहीच संबंध नाही’ असं समजून लोक पुष्कळदा घसरतात. −२, −१, ०, १, २ हे पाच आकडे घ्या, आणि त्यांचे वर्ग ४, १, ०, १, ४. जोडीने गुणून बेरीज : −८ − १ + ० + १ + ८, म्हणजे शून्य. ऑर्थोगोनल! पण दुसरी रांग पहिल्या रांगेवरूनच तर काढली आहे, तिच्यावर पूर्णपणे अवलंबून आहे. डॉट प्रॉडक्ट फक्त सरळ रेषेतला संबंध पकडतो. एक वाढलं की दुसरं वाढतं किंवा घटतं, एवढंच त्याला दिसतं. आधी घटून मग वाढणारा संबंध त्याला दिसत नाही. आकड्यांच्या दोन रांगांचं कोरिलेशन, म्हणजे त्या किती जोडीने वाढतात-घटतात ते सांगणारा आकडा, शून्य आलं म्हणून ‘संबंध नाही’ असं लिहून मोकळं होणं हे याच कारणासाठी चूक आहे. आधी आलेख काढून बघावा.

राहिला बोलण्यातला वापर. २०१० च्या जानेवारीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका खटल्यात युक्तिवाद करताना कायद्याचे एक प्राध्यापक म्हणाले, हा मुद्दा पूर्णपणे ऑर्थोगोनल आहे. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यांना तिथेच थांबवून विचारलं, पूर्णपणे काय? प्राध्यापकांना अर्थ समजावून सांगावा लागला, आणि दुसऱ्या एका न्यायमूर्तींना तो शब्द आवडलाही.

रोजच्या बोलण्यात ‘त्याचा याच्याशी संबंध नाही’ एवढंच म्हणायचं असेल तर तेवढंच म्हणावं, ऑर्थोगोनल कशाला? शब्द शोभतो तो दोन प्रश्न एकाच गोष्टीबद्दल असतात आणि तरी एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराला हलवत नाही तेव्हा. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चाललेली असते. टाकी गळते का, हा एक प्रश्न. दुरुस्तीचं टेंडर नियमाप्रमाणे काढलं होतं का, हा दुसरा. दोन्ही टाकीबद्दलच आहेत, दोन्ही महत्त्वाचे आहेत. टाकी गळत असेल आणि टेंडर चोख असेल, टाकी कोरडी ठाक असेल आणि टेंडरमध्ये गडबड असेल, चारही शक्यता खुल्या आहेत. ‘टेंडर नियमाने काढलंय’ हे टाकी गळत नसल्याचं उत्तर होत नाही. आणि ‘टाकी गळतेय’ एवढ्यावरून समितीने गडबड केली असंही सिद्ध होत नाही. दोन ठराव वेगळे मांडावेत, वेगळे मतदानाला टाकावेत.